कॅमेरा कट्टा: थंडीतले लाल खडक

मागच्या अंकात अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचा एक फोटो छापला होता, लालभडक सुळके, त्यांच्या डोक्यावर ताजा बर्फ, आणि खाली फक्त ‘डिसेंबर, सकाळ’ एवढंच. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचा कट्टा सगळा त्यालाच दिलाय. बरेच प्रश्न तिकडे राहणाऱ्यांचे आहेत, काही मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्या आईबाबांचे, आणि एक कोल्हापूरचा, तो मला सगळ्यात आवडला.

ताई, आम्ही डॅलसला असतो आणि सुट्टी मिळते ती फक्त ख्रिसमस ते न्यू इयर. नवरा म्हणतो वाळवंटात हिवाळ्यात जाऊन काय बघणार, एप्रिलमध्ये जाऊ. मी मात्र झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली असं सगळं एका आठवड्यात बसवलंय. जमेल ना?

नवऱ्याला सांगा एप्रिलमध्येही जा, पण आत्ता जाच. कारण साधं आहे, सूर्य. २१ डिसेंबरच्या आसपास ब्राइसला भर दुपारी सूर्य जेमतेम २९ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशावर असतो, आणि जूनमध्ये ब्राइसलाच ७६ अंशावर म्हणजे जवळजवळ डोक्यावर. खडकांचे फोटो काढणाऱ्याला डोक्यावरचं ऊन म्हणजे सुट्टीच, सगळं सपाट आणि फिकट दिसतं. हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरकं असतं त्यामुळे प्रत्येक सुळक्याला एक उजळ बाजू आणि एक सावलीची बाजू मिळते, दुपारी बारालासुद्धा. त्यात सूर्योदय साडेसात-पावणेआठला, म्हणजे रात्री तीनला उठून धावायला नको, आणि गर्दी उन्हाळ्याच्या मानानं खूप कमी.

आता तुमचा प्लॅन. नाही जमणार, म्हणजे गाडीतून जमेल पण कॅमेऱ्यातून नाही. दिवस साडेनऊ तासांचा, ब्राइसहून मोआब हे गाव साडेचार तास तरी, मोआबहून मॉन्युमेंट व्हॅली अडीच-तीन तास, आणि वाटेत बर्फ पडला की हे सगळे आकडे विसरायचे. थंडीत माणूस हळू होतो हो, हातमोजे काढा, ट्रायपॉड लावा, बोटं बधिर झाली की परत घाला, यातच अर्धा तास जातो. म्हणून माझं मत, ब्राइस आणि मोआब एवढंच धरा. मोआबला राहिलात की आर्चेस गावाला लागूनच आहे आणि कॅन्यनलँड्सचा वरचा भाग पाऊण तासावर. दोन्हीकडे तीन-तीन रात्री राहा, म्हणजे एखादा दिवस ढगात गेला तरी हातात काहीतरी उरतं. शिवाय एक लक्षात ठेवा, ब्राइसचा काठ ८००० फुटांच्या वर आहे, तिथे बर्फ टिकतो, मोआब ४००० फुटांवर, तिथे पडलेला बर्फ एक-दोन दिवसांत उडून जातो. त्यामुळे मोआबला असताना रात्री बर्फ पडला तर सकाळी नाश्ता वगैरे नंतर, आधी बाहेर पडा.

ठाण्याहून विचारतोय. हे सुळके तयार कसे होतात? आणि त्यात थंडीचा काही संबंध आहे का, की फक्त वारा-पाऊस?

थंडीचाच सगळ्यात मोठा संबंध आहे, म्हणून तर मला हिवाळ्यात तिथे जाणं जास्त बरोबर वाटतं, कारखाना चालू असताना बघितल्यासारखं. ब्राइसचा खडक म्हणजे साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तळी आणि नद्यांच्या तळाशी साचलेला चुन्याचा गाळ, त्यात लोहाचं ऑक्साइड म्हणून तो लाल-केशरी. या खडकाला उभ्या भेगा असतात. दिवसा बर्फ वितळून पाणी भेगांमध्ये शिरतं, रात्री गोठतं, आणि गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, म्हणजे पाचरच मारली जाते. ब्राइसला वर्षातून सुमारे २०० वेळा असं गोठणं-वितळणं होतं, दिवसा शून्याच्या वर आणि रात्री खाली. नुसती कडाक्याची थंडी असती तर एवढी झीज झाली नसती, हे रोजचं वरखाली जाणं महत्त्वाचं. मग पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडीच्या कडा गोल करतं, आणि वर कठीण थर असेल तर तो टोपणासारखा राहतो, खालचं झिजत जातं. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टला हे गोठणं माहीतच नाही, म्हणून आपले सुळके वेगळे दिसतात.

फोटोवाल्याला याचा उपयोग काय? एक तर दगड पडतात. ब्राइसच्या नवाहो लूप या पायवाटेवरची वॉल स्ट्रीट नावाची अरुंद घळ आहे, ती बाजू हिवाळ्यात बंदच ठेवतात, बर्फ आणि दगड दोन्हीमुळे, तिथे साखळी ओलांडून आत जाणारे उत्साही लोक असतात, त्यांच्या मागे जाऊ नका. आणि सकाळी ऊन लागून बर्फ सुटायला लागला की कड्याच्या अगदी खाली ट्रायपॉड लावून बसू नका. आर्चेसमधली वॉल आर्च नावाची मोठी कमान ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली, तिथला खडक वेगळा, वाळूचा, पण सांगायचा मुद्दा हा की हे दगड आपल्याला वाटतात तेवढे कायमचे नाहीत.

ब्राइसला सनसेट पॉइंटवर संध्याकाळी गेलो, काहीच मिळालं नाही, सगळी दरी सावलीत. कुठे उभं राहायचं होतं? (सॅन होजे)

उभे बरोबर राहिलात, वेळ चुकली. ती अर्धगोल दरी पूर्वेकडे उघडते, म्हणजे तिथे मुख्य खेळ सकाळचा. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागच्या पठाराआड जातो आणि दरी लवकर सावलीत बुडते, नावात सनसेट असलं तरी.

सकाळी काय होतं ते नीट सांगते कारण तिथेच सगळी गंमत आहे. हिवाळ्यात सूर्य सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला उगवतो, होकायंत्रावर साधारण १२० अंश. इन्स्पिरेशन पॉइंट किंवा ब्राइस पॉइंटवरून बघताना ऊन सुळक्यांच्या बाजूनं आणि थोडं मागून येतं. आता सुळक्याची जी बाजू तुमच्याकडे आहे ती खरं तर सावलीत असते, पण तिच्यासमोरच्या भिंतीवर ऊन पडलेलं असतं आणि त्या लाल भिंतीवरून उडालेला उजेड या सावलीत येतो, त्यामुळे खडक आतून पेटल्यासारखा दिसतो. खाली बर्फ असेल तर तोही उजेड वर फेकतो, म्हणजे उन्हाळ्यात काळ्या पडणाऱ्या भेगासुद्धा भरून निघतात. हा उजेड सूर्य वर आल्यावर वीसेक मिनिटांनी सुरू होतो आणि तासभर तरी छान चालतो. आणि लोक काय करतात, सूर्याची कोर दिसली की दोन सेल्फी काढून गाडीत हीटर लावायला पळतात! तुम्ही थांबा. पार्किंग रिकामं व्हायला लागलं की काम सुरू झालं असं समजा.

लेन्सचं म्हणाल तर सगळे वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स लावून पूर्ण दरी घ्यायला जातात आणि घरी आल्यावर सगळा लाल गोंधळ दिसतो. ७०-२०० सारखी टेलि, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा आणि पाच-सात सुळक्यांचा एक घोळका शोधा, त्यात एखादा उजळ, बाकी सावलीत. सनसेट पॉइंटच्या खाली थॉर्स हॅमर नावाचा एकटा सुळका आहे, तो सकाळी सोपा विषय. संध्याकाळी जायचंच असेल तर सूर्य गेल्यानंतर जा, आकाश गुलाबी असताना सगळीकडे एकसारखा मऊ उजेड येतो, त्यात बर्फ आणि खडक दोन्ही सांभाळले जातात.

बर्फाचे फोटो एकतर करडे येतात नाहीतर निळे. कॅमेरा खराब आहे की मी? (नाशिक, सध्या मुलाकडे सॉल्ट लेक सिटी)

दोघंही नाही काकू. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं शिकवलेलं असतं. फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की तो म्हणतो अरे बापरे फार उजेड झाला, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, खाली ओढतो, बर्फ करडा. तुम्ही ते वर ढकलायचं, प्लस एक ते प्लस दीडपर्यंत. फ्रेम नुसत्या बर्फाची असेल तर प्लस दोनच्या जवळ, आणि अर्धी फ्रेम सावलीतल्या खडकानं भरली असेल तर कदाचित काहीच नको, म्हणून ठोकळ नियम पाठ करण्यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद किती आणि उजळ किती ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, बघा.

इथे एक खाचखळगा आहे जो साध्या हिस्टोग्राममध्ये दिसत नाही. लाल खडकावर कोवळं ऊन असलं की फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, लाल चॅनल, सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातला तपशील जातो. एकूण आलेख मजेत दिसतो, बर्फही फुटलेला नसतो, पण खडकाचा तपशील गेलेला असतो, नुसता केशरी डाग. त्यामुळे कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असेल तर ती चालू करा आणि लालकडे लक्ष ठेवा. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, जेपेगमध्ये गेलेलं परत येत नाही.

निळ्याचं वेगळं. सावलीतला बर्फ खरंच निळा असतो, त्याच्यावर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा. आपला डोळा ते दुरुस्त करून घेतो, कॅमेरा करत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल कॅमेऱ्यावर सोडला तर तो हा निळा कमी करायला जातो नाहीतर खडकाचा उबदारपणा मारतो, दोन्हीत नुकसान. मी सरळ डेलाइट, ५२०० ते ५५०० केल्विन लावून ठेवते आणि घरी थोडं इकडेतिकडे करते. निळा पूर्ण घालवू नका. लाल उन्हाच्या शेजारी निळी सावली हेच तर हिवाळ्याचं चित्र, दोन्ही पांढरं-पिवळं करून टाकलं तर मग एप्रिलच काय वाईट होता.

मोबाइल असेल तर बर्फावर बोट टेकवा आणि सूर्याचं छोटं चिन्ह येतं ते वर सरकवा, तेवढंच.

बॅटरी अर्ध्या तासात संपते, आणि गाडीत आल्यावर लेन्सवर वाफ धरते. उपाय सांगा. (टोरांटो)

बॅटरी संपत नाही, गारठते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, कॅमेरा म्हणतो संपली, तीच बॅटरी खिशात गरम केली की परत चालते. म्हणून जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या बाहेरच्या नाही, आतल्या खिशात, अंगाशी. दोन असतील तर आलटून पालटून. फोनचंही तेच, आयफोनला तर कंपनीनेच ० ते ३५ अंश असं सांगून ठेवलंय, ब्राइसची सकाळ उणे १० असते, फोन बंद पडला तर त्याला शिव्या देऊ नका.

वाफेचा प्रकार जास्त गंभीर. मे महिन्यात मुंबईत एसी टॅक्सीतून उतरलं की चष्म्यावर जे होतं तेच, गार काचेवर गरम दमट हवा. फरक एवढा की इथे पाणी कॅमेऱ्याच्या आतही धरू शकतं, आणि परत बाहेर गेलात की ते गोठतं. तर बाहेर थंडीत उभे असतानाच मेमरी कार्ड काढून घ्या, म्हणजे मग फोटो बघायची घाई होणार नाही, मग कॅमेरा मोठ्या झिपलॉक पिशवीत घालून बंद करा, आणि मगच गाडीत किंवा खोलीत न्या. वाफ पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. तास-दोन तास पिशवी उघडायची नाही. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर दहा मिनिटांत जायचं असेल तर कॅमेरा डिकीत गारच राहू द्या, तुम्ही हीटर लावा. आणि लेन्सवर पडलेला बर्फ फुंकर मारून उडवू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते, ब्लोअर नाहीतर मऊ ब्रश वापरा.

आईबाबा सत्तरीचे, फार चालणं होत नाही, आणि दोघांकडे फक्त मोबाइल. त्यांच्यासाठी काय? (फिनिक्स)

तुम्ही फिनिक्सला आहात तर मॉन्युमेंट व्हॅली. तिथे पार्किंग आणि व्हिजिटर सेंटरच्या कठड्यापासूनच ते तीन प्रसिद्ध डोंगर समोर दिसतात, दोन मिटन आणि मेरिक ब्यूट, एक पाऊल चालायला नको. ते पूर्वेकडे आहेत, त्यामुळे पहाटे त्यांची काळी आकृती आणि मागे रंग, आणि संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीशी येऊन डोंगर लाल. दोन्ही वेळा सोप्या आणि मोबाइलला झेपणाऱ्या. खालचा १७ मैलांचा रस्ता कच्चा आहे, बर्फ वितळला की चिखल, छोटी गाडी खाली घालू नका, नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी गाइडची जीप घ्या, आईबाबांना गोष्टीही ऐकायला मिळतील.

हा भाग नवाहो लोकांचा आहे, नॅशनल पार्क नव्हे, तुमचा वार्षिक पास इथे चालत नाही, वेगळी फी. ड्रोनला बंदी आहे, माणसांचे आणि घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाहीत पण नवाहो भागात करतात म्हणून उन्हाळ्यात लोकांचा एक तासाचा घोळ होतो, हिवाळ्यात सगळीकडे एकच वेळ असते, तेवढी डोकेदुखी कमी.

ब्राइसला नेणार असाल तर उंचीचा विचार करा. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, ब्राइसचा काठ २४०० ते २७०० मीटर. काका-काकूंना बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि काठावरची पायवाट सपाट असली तरी तुडवून तुडवून तिचा काचेसारखा बर्फ झालेला असतो.

आर्चेसमधली डेलिकेट आर्च हिवाळ्यात करावी का? एकटी जाणार आहे. आणि कॅन्यनलँड्समधल्या मेसा आर्चची सकाळ खरंच तेवढी भारी असते का? (सिअ‍ॅटल)

डेलिकेट आर्च करा, पण शेवटचा भाग माहीत असू द्या. जाऊन-येऊन ३ मैल, चढ मध्यम, बराचसा उघड्या खडकावरून. कमान दिसायच्या अगदी आधी खडकात कोरलेली एक अरुंद वाट आहे, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उतार, आणि ती सावलीत राहते म्हणून तिथे बर्फ घट्ट होऊन बसतो. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स याच जागेसाठी घ्यायचे, मोआबच्या दुकानांत मिळतात. सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो म्हणजे उतरताना अंधार नक्की, तर डोक्याला लावायची टॉर्च दोन, एक नाही. एकटी असाल तर संध्याकाळच बरी, कारण परतताना बाकीचे लोक सोबत असतात, त्यांच्या बरोबर निघा, ‘अजून एक फोटो’ म्हणून मागे राहू नका.

फोटोचं सांगायचं तर कमान ५२ फूट उंच, आणि तिच्या मागे ला साल डोंगर, १२००० फुटांच्या वरची शिखरं, हिवाळ्यात पांढरी. हे मागचं पांढरं असल्यामुळे हिवाळ्याचा फोटो उन्हाळ्यापेक्षा सरळ सरळ वरचढ. अगदी वाइड लावलीत तर ते डोंगर टिंबाएवढे होतील, थोडं मागे सरका आणि ५०-७० मिमीवर काढा, मग कमान आणि डोंगर एकमेकांशी बोलतात. कमानीखाली कोणीतरी हात पसरून उभं असणारच, चिडू नका, एखादा माणूस असला की उंचीचा अंदाज येतो. चढू मात्र नका, नाव असलेल्या कमानींवर चढायला बंदी आहे.

मेसा आर्च: हो, भारी असते. सूर्य वर आला की खालच्या कड्यावरून उडालेला उजेड कमानीच्या पोटावर पडतो आणि ती केशरी पेटते, पुन्हा तोच प्रकार, उडालेला उजेड. पण जागा चिमूटभर आणि ट्रायपॉड वीस, हिवाळ्यातसुद्धा. कमानीपलीकडे थेट कडा आहे, दगडावर बर्फाचा पातळ थर असतो जो दिसत नाही, स्क्रीनमध्ये बघत एक पाऊल मागे-पुढे अजिबात नाही. मला विचाराल तर तिथे एक सकाळ द्या, आणि पहिली दहा मिनिटं झाली की गर्दी सोडून त्याच काठावरून खालच्या दऱ्यांचे फोटो काढा, तिकडे कोणी बघतही नसतं.

रात्रीचे फोटो? आकाशगंगा मिळेल का? (पुणे)

डिसेंबरात आकाशगंगेचा तो जाड, उजळ मधला भाग रात्री दिसत नाही, तो उन्हाळ्याचा. पण मृग नक्षत्र आहे, व्याध आहे, आणि हवा एवढी कोरडी की तारे टोचतात. ब्राइस आणि आर्चेस दोन्हींना २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे अंधार खात्रीचा. लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १५ ते २० सेकंद, संवेदनशीलता आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा. अंधाऱ्या रात्रीपेक्षा अर्धा चंद्र असलेली रात्र मला जास्त आवडते, बर्फावर चांदणं पडून सुळके आपोआप उजळतात, वेगळा दिवा लागत नाही. तसाही खडकांवर टॉर्च मारून रंगवायला आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये मनाई आहे. लेन्सवर हिव धरतं, तर हँड वॉर्मरची पुडी रबर बँडनं लेन्सभोवती बांधा, पुढच्या काचेच्या जरा मागे. फोकस आधी करून रिंगला टेप लावा, नंतर हातमोज्यांतून ती हलते आणि कळत नाही.

ताई अमेरिकेचा व्हिसा नाही, पैसेही नाहीत, पण हे असलं काहीतरी काढायचंय. कोल्हापूरहून जाता येईल असं सांगा.

लडाख! तेही वाळवंटच आहे, थंड वाळवंट, लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपासच पडतं. लामायुरूला जा. लेह-श्रीनगर रस्त्यावर, गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या शेजारी पिवळसर मातीचे सुरकुतलेले डोंगर आहेत, लोक त्याला मूनलँड म्हणतात, तो जुन्या तळ्याचा गाळ. रंग लाल नाही, पिवळा आणि राखाडी, त्यामुळे ब्राइससारखा फोटो मिळेल असं मनात धरून जाऊ नका. हिवाळ्यात तिथेही दुपारचा सूर्य ३२ अंशांच्या आसपास, त्यामुळे त्या सुरकुत्या दिवसभर छान उठतात. टेलि लावा आणि गोम्पाला कोपऱ्यात लहान ठेवा.

पण हे ब्राइसपेक्षा अवघड आहे हे समजून जा. लेह ३५०० मीटर, विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही, खरंच काही नाही, पाणी प्या आणि झोपा. रात्री उणे १५-२० होतं, नळ गोठतात, बरेच गेस्ट हाउस बंद असतात, जेवणाची सोय आधी विचारून घ्या. रस्त्याची स्थिती लेहमध्ये रोज सकाळी ड्रायव्हरला विचारा, ते सांगतील तेच खरं, आणि ‘उद्या बघू’ म्हणाले तर उद्याच बघायचं. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, हवामानामुळे विमानं रद्द होतात.

झटपट

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घेऊ का? घ्या, पण वाइड लेन्सवर लावू नका, आकाशात एका बाजूला गडद निळा पट्टा येतो. हिवाळ्यातलं आकाश आधीच गडद असतं. ओल्या खडकाची चकाकी काढायला मात्र उपयोगी.

बर्फात ट्रायपॉड खचतो? पाय थोडे कमी फाकवून उभे करा, दाबून तळाला टेकू द्या आणि मग फ्रेम लावा. आधी पूर्ण फाकवून दाबलात तर सांधा तुटू शकतो. आणि ट्रायपॉड लावायच्या आधी पुढे फिरून येऊ नका, ताज्या बर्फातले स्वतःचेच बूट फोटोत येतात.

रस्ता सोडून आत जाऊन फ्रेम शोधली तर चालेल का? मोआबकडे जमिनीवर काळपट, फुगीर असा एक थर दिसतो, ती जिवंत माती आहे, सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून झालेली, एका बुटाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. बर्फाखाली ती दिसत नाही, म्हणून हिवाळ्यात तर वाटेवर नाहीतर उघड्या खडकावरच पाय.

एडिटिंगमध्ये लाल किती वाढवू? वाढवू नका. सॅच्युरेशन वाढवलं की लालबरोबर सावलीतला निळाही ओरडायला लागतो आणि बर्फ फिनाइलच्या जाहिरातीतला वाटतो. सावल्या किंचित उघडा, हायलाइट खाली घ्या, झालं.

ड्रोन? नॅशनल पार्कमध्ये बंदी, मॉन्युमेंट व्हॅलीत बंदी. घरी ठेवा, बॅगेत तेवढ्या जागेत दुसरे हातमोजे मावतात. आत पातळ, वर बोटं एकत्र असलेले जाड, असे दोन थर घ्या, वरचे दोरीनं मनगटाला बांधून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं एक दरीत जातो आणि उरलेला आठवडा एकाच हातमोज्यात काढावा लागतो.